सगळे सारखेच, मग लॉगबुकं वेगळी का?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये विद्यार्थ्यांच्या जातीचा, धर्माचा किंवा गावाकडच्या बोलीचा विषय निघाला की कुणीतरी चहाचा कप खाली ठेवत म्हणतंच, "आपण हे काही बघत नाही बुवा. आपल्याला सगळे सारखे." म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरंच सज्जन असतो. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणाचा अपमान करत नाही, अडल्यानडल्याला फीचे पैसे खिशातून देतो. मला या लेखात भांडायचं आहे ते त्याच्याशी. जो उघडउघड हिणवतो त्याच्यासाठी कायदे आहेत: १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा, महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा, राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे रॅगिंगविरोधी नियम. ते नीट राबत नाहीत हा भाग वेगळा. पण 'सगळे सारखे' म्हणणाऱ्या चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली एखादा विद्यार्थी साडेचार वर्षांत हळूहळू मागे सरकत जातो, तेव्हा कुठलंच कलम लागत नाही, आणि लागायचं कारणही नाही.

वेगळ्या जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या किंवा लिंगभावाच्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक व्हायचं तर त्याचं अंतरंग उमगलंच पाहिजे, अशी अट मी घालणार नाही. ती कुणालाच पुरी करता येणार नाही. त्याच्या हाती काय पडतं आणि काय पडत नाही, एवढं मात्र शिक्षकानं डोळ्यांत तेल घालून बघितलं पाहिजे.

मुळात 'न बघणं' हा पर्याय इथं कुणाला आहेच कुठं? प्रवेश देणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या याद्या संकेतस्थळावर असतात. नाव, गुण, प्रवर्ग, कुठल्या जागेवर प्रवेश झाला, सगळं त्यात असतं. अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमध्ये पहिलं पाऊल पडण्याआधी ती पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेली असते. सीनियर 'रँक किती रे?' विचारतात तेव्हा त्यांना काय जाणून घ्यायचं असतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. दिवाळीपर्यंत कोण ओपनचा, कोण एसटीचा, कोण मॅनेजमेंट कोट्यातला, हे मेसच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं. माहीत नसतं ते फक्त सरांना. म्हणजे त्यांच्या न बघण्यानं जात वर्गातून जात नाही. वर्गातली बाकीची माणसं त्या माहितीचं काय करतात, ते तेवढं त्यांना दिसेनासं होतं.

दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, हे तपासायला केंद्र सरकारनं २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. समितीला माहिती देणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही असं सांगितलं. ८४ टक्क्यांचं म्हणणं होतं की प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत न्याय होत नाही. काही वसतिगृहांच्या वरच्या मजल्यांवर हीच मुलं एकवटली असल्याचंही समितीनं नोंदवलं. अहवालावर आक्षेप आले, नमुना लहान होता हेही खरं. तरी मला त्यातलं तोंडी परीक्षेचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. लेखी पेपरात परीक्षकासमोर अक्षर असतं, तोंडी परीक्षेत माणूस बसलेला असतो: त्याचं नाव, त्याचे उच्चार, बुटांची अवस्था, सगळ्यासकट. आपल्याकडं डॉक्टर घडतो तो मुख्यतः असाच, समोरासमोर. खाटेजवळ, थिएटरमध्ये, रात्रीच्या कॉलवर. वैद्यकशिक्षणात शिक्षक-विद्यार्थी नात्याला इतकं महत्त्व आहे ते त्यामुळं, आणि भेदभावाला जागाही तिथंच मिळते.

भाषेचंच बघा. आमच्याकडं केस प्रेझेंट करायची ती इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, आश्रमशाळेतून आलेला मुलगा खाटेजवळ आजीच्या उशाशी बसतो आणि पाच मिनिटांत सगळं काढून घेतो: दुखणं ठणकतं की नुसती कळ येते, चमक पाठीकडं जाते का, जेवल्यावर पोटात कालवतं का, रात्री जीव घाबरा होतो का. शहरातल्या कॉन्व्हेंटमधून आलेली त्याची जोडीदारीण त्याच आजीला 'पेन किधर होता है' विचारून थांबलेली असते. मग सर येतात आणि प्रेझेंटेशन सुरू होतं. मुलगा 'पेशंट वॉज... पेशंट इज हॅविंग...' इथं अडखळतो, आणि मुलगी त्यानंच सांगितलेली माहिती घेऊन खडाखड बोलून जाते. शाबासकी कुणाला मिळते, हे सांगायला नको. सरांनी कुणाचीच जात पाहिलेली नसते. त्यांनी फक्त इंग्रजी ऐकलेलं असतं.

यावरचा उपाय फार अवघड नाही. पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये महिनाभर हिस्टरी, म्हणजे रुग्णाच्या दुखण्याची हकिगत, मराठीत सांगू द्यावी आणि त्यावर प्रश्न मात्र कडक विचारावेत. विचार नीट आहे का ते आधी बघावं, इंग्रजी नंतर चढवता येतं. अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांवर केरळ-राजस्थानातून आलेल्यांना याच नियमानं मराठी शिकणं भाग पडेल. एमबीबीएसच्या सुरुवातीला २०१९ पासून घेतल्या जाणाऱ्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आहेच. बहुतेक ठिकाणी ती दोन तासांच्या व्याख्यानात आणि एका चहात उरकली जाते.

आदिवासी विद्यार्थ्याचं याच्या पुढचं आहे. नंदुरबारचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झालं, गडचिरोलीचं २०२४ मध्ये. अशा ठिकाणी आणि नाशिक, धुळे, अमरावती, नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांतही पावरी, भिली, कोरकू, गोंडी, माडिया एवढ्याच भाषा बोलणारे रुग्ण येतात. मग हाक पडते, "अरे, तो धडगावचा कुठाय? बोलवा त्याला." तो येतो, दुभाष्याचं काम करतो आणि जातो. दुसऱ्याच्या केसवर, दुसऱ्याच्या युनिटमध्ये, त्याचं स्वतःचं क्लिनिक चालू असताना. त्या रुग्णाचं निदान ज्याच्या नावावर लागतं तो वेगळा असतो. अख्ख्या विभागात जे कौशल्य एकट्याकडं आहे, ते त्याच्याकडून हमालीसारखं करून घेतलं जातं आणि मूल्यमापनाच्या कागदावर त्याची ओळही नसते. त्याला नुसतं बोलावू नका, ती केस त्यालाच द्या, एवढं सांगायला सरांना समाजशास्त्र शिकायला लागत नाही.

दयाळू शिक्षकांची एक सवय मला उघड भेदभावाइतकीच घातक वाटते. 'बिचारा फार लांबून आलाय, त्याला जरा सोपं विचारा.' ओपनच्या मुलाला हार्ट फेल्युअरच्या औषधांवरून घाम फोडतात आणि कोट्यातल्याला नॉर्मल नाडी किती, एवढं विचारून सोडतात. पास दोघंही होतात. पहिल्याला पुढच्या वेळी औषधं पाठ असतात. दुसऱ्याला कळलेलं असतं की आपल्याकडून यांची काही अपेक्षाच नाही. कठीण प्रश्न हाही विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या गोष्टींपैकीच एक. तो मुलांमध्ये समान वाटला गेला पाहिजे, आणि उत्तर आलं नाही तर कुठलं पान वाचायचं हे त्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

इथं गुणवत्तेचा आक्षेप येतो. 'अशा मुलांसाठी किती वाकायचं? उद्या हेच ऑपरेशन करणार.' आरक्षण प्रवेशाच्या दाराशी असतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एमबीबीएस परीक्षेत उत्तीर्ण व्हायची पातळी सगळ्यांना एकच असते, कुठल्याही प्रवर्गाला त्यात सूट नाही. म्हणजे ज्यानं ती परीक्षा पार केली त्यानं तीच परीक्षा पार केली. मार्गदर्शनाचा अर्थ वाकणं नव्हेच. तिथपर्यंतच्या वाटेवर कुणाच्या पायात काय अडकलंय ते काढायचं असतं.

आणि जे अडकतं ते पुष्कळदा अगदी कागदी असतं. शहरातल्या मध्यमवर्गीय प्राध्यापकाला 'व्हॅलिडिटी' या शब्दाचा धाक कळत नाही. राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र मिळवावं लागतं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय, चुलत्याची वैधता आहे का, दक्षता पथकाचा अहवाल कसा आला, यावर त्याची डॉक्टरकी टांगलेली असते. ठाकूर, महादेव कोळी, हलबा अशा जमातींच्या दाव्यांत हे वर्षानुवर्षं चालतं. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद' या गाजलेल्या खटल्यातल्या विद्यार्थ्यानं १९८५-८६ मध्ये हलबा म्हणून एमबीबीएसला प्रवेश घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २००० च्या नोव्हेंबरात. हलबा-कोष्टींचा अनुसूचित जमातीत समावेश होत नाही असं न्यायालयानं ठरवलं, मात्र त्याची पदवी राखली. पंधरा वर्षं! त्या दाव्याची बाजू कुणाला पटो न पटो. असा खटला डोक्यावर घेऊन पॅथॉलॉजी वाचणाऱ्या मुलाला 'अटेंडन्स का कमी?' एवढंच विचारणारा मार्गदर्शक काय कामाचा? समितीसमोर तारीख असेल त्या दिवशी त्याची पोस्टिंग बदलून देणं शिक्षकाच्या हातात असतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती रखडली म्हणून कार्यालयानं परीक्षेचा फॉर्म अडवला, तर एक फोन करणं हातात असतं. हा फोन विद्यार्थ्यानं केला तर पलीकडचा क्लार्क 'साहेब नाहीत' म्हणतो. सरांनी केला तर साहेब असतात.

विषमता ओलांडून शिकवणं म्हणजे काय, याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत, तेही एकोणिसाव्या शतकातले. आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून गोपाळरावांनी मिशनरी वाइल्डर यांना लिहिलं. उत्तर आलं ते ख्रिस्ती होण्याच्या सल्ल्यासकट. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आला, न्यूजर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी १८८० मध्ये तो वाचला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. त्यात अशी अट नव्हती. १८८३ मध्ये आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला, साडी आणि शाकाहारासकट. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. यातलं भाबडं कौतुक बाजूला ठेवू. आनंदीबाई ब्राह्मण होत्या, त्यांच्यामागे हट्टी नवरा होता, आणि पदवीनंतर वर्षभरात, वयाच्या बाविशीच्या आत त्या गेल्या. पण वाइल्डर आणि कार्पेंटर यांतला फरक आजही वॉर्डात दिसतो. एकाची मदत 'आधी आमच्यासारखी हो' म्हणते. आमच्या इंग्रजी प्रेझेंटेशनची अटही याच जातकुळीतली आहे.

एडिथ पीची यांचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण त्या नोकरीतल्या डॉक्टर होत्या. एडिनबरा विद्यापीठात शिकायला धडपडणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेतल्या गुणांवर होप शिष्यवृत्ती त्यांची होती, पण बाई म्हणून ती त्यांना नाकारली गेली. १८८३ मध्ये त्या मुंबईत आल्या, कामा रुग्णालयाच्या उभारणीत राहिल्या. त्याच काळात रखमाबाईंवर नवऱ्यानं केलेला खटला मुंबईत गाजत होता. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये आलेला. पीची रखमाबाईंच्या बाजूनं उघडपणे उभ्या राहिल्या, त्यांना लंडनला वैद्यक शिकायला पाठवण्यासाठी झटल्या. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेला, राजकोटला पुढची कित्येक वर्षं रुग्णालयं चालवली. पीचींनी आपल्या हुद्द्याचं वजन एका बदनाम केल्या जाणाऱ्या मुलीच्या पारड्यात टाकलं, आणि शहर बघत असताना टाकलं. आजच्या मार्गदर्शकाकडून मला नेमकं हेच हवंय. खोलीत बोलावून खांद्यावर हात ठेवणारे पुष्कळ भेटतात. राउंडला चाळीस माणसांसमोर 'ही केस ती सांगेल' म्हणणारे कमी.

'आदिवासी विद्यार्थ्याला आदिवासी मार्गदर्शक द्या, मुलीला बाई द्या' असा एक उपाय सुचवला जातो. त्यात तथ्य आहे. काही गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, हाच मोठा विसावा असतो. पण सक्तीनं तशा जोड्या लावायला माझा विरोध आहे. एक तर असे प्राध्यापक थोडे, त्यातही क्लिनिकल विभागांत आणखी थोडे. त्या तीन-चार जणांच्या डोक्यावर शेकडो विद्यार्थी टाकायचे आणि बाकीच्या स्टाफनं हात झटकायचे, अशी ती सोय होते. दुसरं, माणूस एकाच खणात मावत नाही. डॉ. पायल तडवी आदिवासी होती, मुसलमान होती, बाई होती, जळगाव जिल्ह्यातून मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकायला आलेली होती. तिच्याशी जुळणारा मार्गदर्शक कुठल्या रकान्यातून शोधणार होतो आपण? विद्यार्थ्याला हवा असेल तर आपल्यासारखा मार्गदर्शक मागण्याचा हक्क असावा. रोल नंबरनं वाटप करताना प्रशासनानं तसं ठरवू नये.

आता प्रत्यक्षात जी मेंटॉर-मेंटी, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक नेमून देण्याची, योजना आहे तिच्याकडं वळू. सूचनाफलकावर यादी लागते: रोल नंबर १ ते १० अमुक सर, ११ ते २० तमुक मॅडम. तीन महिन्यांनी एक फॉर्म भरायचा. 'काही अडचण?' या रकान्यात दहाच्या दहा मुलं 'नाही' लिहितात, सर सही करतात, तपासणीच्या फाइलला तो लागतो. मुलं खोटं लिहितात याचा शिक्षकांना राग येतो. खरं लिहून त्यांचं भलं काय होणार आहे? जो शिक्षक अडचण विचारतोय, त्याच्याच हातात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत, आणि त्यात निम्मे गुण नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसताच येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याचं तर विचारूच नका. गाइड तोच, विभागप्रमुख तोच, थेसिसवर सही त्याची, अंतिम परीक्षेला अंतर्गत परीक्षक म्हणून समोर पुन्हा तोच. त्याच्याकडं 'सर, माझ्या सीनियर माझ्या जातीवरून बोलतात' असं सांगायला जायचं, आणि त्या सीनियर म्हणजे सरांच्या आवडत्या रजिस्ट्रार, युनिटातल्या वरिष्ठ निवासी डॉक्टर. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलानं २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात सर्वेक्षणातल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांनी आणि पदव्युत्तरांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. ज्यांच्या डोक्यावर सत्तेचे मजले जास्त, त्यांच्यात हे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघावं याचं मला नवल वाटत नाही.

म्हणून मार्गदर्शक गुण देणाऱ्यांपैकी नसावा. पहिल्या वर्षाच्या मुलांना सर्जरीचा प्राध्यापक द्या, शेवटच्या वर्षाला बायोकेमिस्ट्रीचा. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा मार्गदर्शक विभागाबाहेरचा असू द्या. कारण न सांगता मार्गदर्शक बदलता यावा. आणि या कामाला पदोन्नतीत वजन द्या. आज प्राध्यापक व्हायचं तर छापलेले शोधनिबंध मोजले जातात, संशोधनाचा नि अध्यापनाचा कोर्स केला का ते विचारतात. पाच वर्षांत एखाद्या मुलाला बुडताना वर काढलं, याला रकाना नाही. मग ते काम स्वभावानं हळव्या दोन-तीन बायकांवर पडतं, आणि त्यांचे निबंध कमी म्हणून त्या सहयोगी प्राध्यापक म्हणून निवृत्त होतात.

काही वेगळेपणं यादीत छापलेली नसतात. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याची ओळख त्यानं सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि शिक्षकानं ती खोदून काढूही नये. पण वर्गात काय शिकवलं जातं यावर तरी आपला ताबा आहे. कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या सप्टेंबरात वगळले. मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमातले पूर्वग्रह काढायला सांगितले. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां'च्या यादीत येऊन बसले. ओरड झाल्यावर सप्टेंबरात तो मागे घेतला. त्या वर्गात बसलेल्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्याचंच प्रेम गुन्ह्याच्या प्रकरणात शिकवलं जाणार होतं. त्याचा मार्गदर्शक कोण होईल? ज्यानं त्या तासाला सहज, कुणाकडं न बघता, 'हे पान जुनं आहे, कायदा बदलला आणि विज्ञानही' असं सांगितलं, तो. दार उघडं आहे एवढं त्यातून कळतं. आत यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. अपंग विद्यार्थ्यांबद्दलही तेच. ४० टक्क्यांवर अपंगत्व दिसलं म्हणून कुणाला आपोआप अपात्र ठरवता येणार नाही, हे ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलं. न्यायालय दारापर्यंत आणून सोडतं. आत डिसेक्शन टेबलची उंची बदलायची की नाही हे विभाग ठरवतो.

२२ मे २०१९ ला पायल तडवीनं वसतिगृहाच्या खोलीत जीव दिला. खटला न्यायालयात आहे, कुणी काय केलं ते तिथं ठरेल. तिची आई आबेदा तडवी त्याच वर्षी, हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाच्या आईबरोबर, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम कागदावरच का राहिले, असा प्रश्न तिनं विचारला. पायलच्या प्रकरणातल्या आरोपांकडं बारकाईनं पाहिलं तर जातीवरून हिणवण्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते: शिकण्याचं काम हातातून काढून घेतल्याचा आरोप. स्त्रीरोगशास्त्राच्या रेसिडेन्टला, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या पदव्युत्तर डॉक्टरला, प्रसूती करू न देता कागदांना जुंपणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. तिचं शिक्षण म्हणजे तीन वर्षांत तिच्या हातून झालेली कामं. ती नसतील तर पदवी मिळूनही ती अर्धीच राहते, आणि पुढं तिच्या टेबलावर येणारी बाई त्याची किंमत मोजते.

शिव्यांना साक्षीदार लागतात. हातून झालेल्या कामांची नोंद मात्र लॉगबुकात असते. कुठल्याही विभागप्रमुखानं दर तीन महिन्यांनी एकाच बॅचच्या रेसिडेन्टांची लॉगबुकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवावीत आणि मोजावं: सिझेरियन कुणाच्या हातून किती झाली, कुणाच्या नावापुढं फक्त 'असिस्टेड' येतंय, नमुने लॅबला पोचवणं आणि ऑनलाइन नोंदी भरणं कुणाकडं साचलंय, रात्रीचे कॉल कुणाला सलग लागलेत. यासाठी कुणाची जात विचारावी लागत नाही, कुणाला तक्रार करायला लावावी लागत नाही, कुणावर आरोपही होत नाही. एकाच्या नावावर चाळीस आणि दुसरीच्या नावावर नऊ असं दिसलं की पुढच्या महिन्याची ड्यूटी प्रमुखानं स्वतः लावायची, सीनियर रेसिडेन्टवर सोडायची नाही. आज बहुतेक युनिटांत रोटा, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, सीनियर लावतात आणि सर फक्त खाली सही करतात. ज्या सत्तेनं विद्यार्थी घडतो किंवा मोडतो ती अशी तिसऱ्याच हातात दिलेली असते.

यावर विभागप्रमुख काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे: 'ती पुढं येतच नाही हो, इंटरेस्टच दाखवत नाही.' असेलही तसं. मग तिला पुढच्या सोमवारी पहिल्या सिझेरियनला समोर उभी करा, सुरी तिच्या हातात द्या, स्वतः असिस्ट करा, आणि महिन्याभरानं इंटरेस्टचं बोलू.